मोहाचं मडकं, उसाची मळी आणि स्कॉचची बाटली : पाहुण्यासमोर काय ठेवावं?



मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात एक प्रश्न विचारला. त्यांचा भाचा बऱ्याच वर्षांनी अमेरिकेहून येणार आहे. तिकडे राहून त्याला बर्बनची सवय लागली आहे. मामाला बर्बन परवडत नाही, आणि आपल्या भागातल्या दुकानात ती मिळेलच असंही नाही. "स्कॉच ठेवली तर चालेल का? आणि खिशाला झेपेल अशी कोणती?" एवढाच प्रश्न. आम्ही हसून "पुढच्या वेळी सांगतो" म्हणालो. घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की याचं नीट उत्तर द्यायचं तर दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास सांगावा लागेल. आणि त्यांनी तो प्रश्न इतक्या हळू का विचारला, तेही सांगावं लागेल.

हे व्याख्यान पुरुषोत्तमनगरला होतंय, हे त्या दृष्टीने बरंच आहे. हे गाव म्हणजे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं गाव. साखर कारखाना म्हटला की मळी आली, आणि मळी म्हटली की अल्कोहोल आलं. उत्तरेला सातपुडा, तिथे मोहाची झाडं. पश्चिमेला थोडं गेलं की गुजरातची हद्द, म्हणजे दारूबंदी. आणि याच शहादे तालुक्यात पन्नासएक वर्षांपूर्वी आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. एका पेल्याच्या भोवतीचा जवळजवळ सगळा इतिहास इथून पायी जाता येईल एवढ्या अंतरात आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. कोणती दारू मानाची, कोणती गुन्ह्याची आणि कोणती "हलकी", हे आपल्याला वाटतं तसं चवीवरून ठरलेलं नाही. ते कायद्याने आणि कराने ठरलं आहे. बाटलीवरचं लेबल हा त्या कायद्याचाच उतारा असतो. तो वाचता आला की पाहुण्यासाठी निवड करणं अगदी सोपं होतं. म्हणून आधी लेबल वाचू या.

बर्बनपासून सुरुवात करू. बर्बन ही अमेरिकन व्हिस्की. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून तिला त्या देशाचं खास उत्पादन म्हणून मान्यता दिली. नियम असा की धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. गाळताना अल्कोहोलचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे धान्याची चव थोडी तरी शिल्लक राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती आतून जाळून कोळसा केलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवायची. पिंप एकदा वापरलं की बर्बनसाठी ते बाद. बाहेरून रंग घालायचा नाही. मक्यामुळे गोडी येते, आणि जळक्या नव्या लाकडातून व्हॅनिला, करपवलेली साखर, कधी खोबऱ्यासारखा वास उतरतो. भाच्याच्या जिभेवर ही चव बसलेली आहे.

इथे एक खुलासा. भाचा "बर्बन" म्हणत असेल, पण हातात जॅक डॅनियल्स असेल. ती टेनेसी व्हिस्की. पिंपात भरण्याआधी ती लाकडी कोळशातून झिरपवतात आणि बाटलीवर बर्बन असं लिहीत नाहीत. चवीचं घराणं मात्र जवळचंच.

आता स्कॉच. ती स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवलेली हवी. बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली नको. रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला परवानगी आहे, म्हणून स्कॉचचा गडद रंग बघून ती जुनी असेल असं समजू नये. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची, तांब्याच्या भांड्यात गाळलेली. ग्रेन म्हणजे गहू किंवा मका वापरून, अखंड चालणाऱ्या उंच यंत्रात गाळलेली, जास्त हलकी. या दोन्हींचं मिश्रण म्हणजे ब्लेंडेड स्कॉच.

ते उंच यंत्र कुठून आलं? १८३० साली ईनियस कॉफी नावाच्या माणसाने त्याचं पेटंट घेतलं. गंमत बघा, हा कॉफी आधी आयर्लंडमध्ये अबकारी खात्यात अधिकारी होता. लोकांच्या चोरट्या भट्ट्या पकडणाऱ्या माणसाने पुढे दारू स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर गाळायचं यंत्र बसवलं. १८६० च्या ब्रिटिश कायद्याने कर भरण्याआधीच, सरकारी कुलपाखालच्या गोदामात, माल्ट आणि ग्रेन एकत्र करायला मुभा दिली. एडिनबरोच्या अँड्र्यू अशरसारख्या व्यापाऱ्यांनी त्यातून धंदा उभा केला. पुढे फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फायलोक्सेरा नावाची कीड पडली, ब्रँडी दुर्मीळ झाली, आणि साहेबाच्या टेबलावरची तिची जागा ब्लेंडेड स्कॉचने घेतली.

तेव्हाही भांडण झालंच. माल्टवाले म्हणायचे, यंत्रातून काढलेली ती व्हिस्कीच नव्हे. लंडनमध्ये खटला झाला, मग रॉयल कमिशन बसलं, आणि १९०९ मध्ये त्याने निर्णय दिला की दोन्हीला व्हिस्की म्हणता येईल. म्हणजे आज आपण जिला खानदानी स्कॉच म्हणतो, तिला व्हिस्की म्हणायचं की नाही हे एका सरकारी समितीने ठरवलं. तीन वर्षं मुरवायची अटही आली ती पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या कायद्याने.

आता मामांच्या प्रश्नाला उपयोगी पडणारा धागा. बर्बनला दर वेळी नवं पिंप लागतं. मग वापरलेल्या पिंपांचं करायचं काय? ती स्कॉटलंडला जातात. आज स्कॉचचा फार मोठा भाग अमेरिकेत बर्बन मुरवलेल्या जुन्या पिंपांमध्येच मुरतो. नव्या पिंपाचा जोर बर्बनने घेतलेला असतो. स्कॉचच्या वाट्याला उरलेला मऊ व्हॅनिला येतो. म्हणजे भाच्याची बर्बन आणि मामाची स्कॉच एकाच पिंपात वाढलेल्या निघू शकतात. तेव्हा "चालेल का?" याचं उत्तर "चालेल" असंच आहे. फक्त कोणती, ते बघावं लागेल.

तिकडे जायच्या आधी मुंबईला जाऊ. स्कॉच निवडून देणं हा आपल्याकडे एके काळी स्वतंत्र व्यवसाय होता. फोर्टात अपोलो स्ट्रीटवर फिप्सन आणि कंपनी नावाची मद्याची पेढी होती. मालक हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते. संस्थेला जागा हवी होती, ती फिप्सनने आपल्या पेढीत दिली. म्हणजे एकाच छताखाली वाइनचा व्यवहार आणि पेंढा भरलेले पक्षी. त्याच पेढीतला वॉल्टर मिलार्ड पुढे सोसायटीचा सचिव झाला. पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन आलेल्या लहानग्या सालिम अलींना पक्ष्यांचा संग्रह दाखवणारा हाच तो मिलार्ड. आणि आज दुकानात मिळणाऱ्या ब्लॅक डॉग या ब्लेंडेड स्कॉचची कंपनी जी कहाणी सांगते, तिच्यातही हाच मिलार्ड येतो. त्याने ती निवडली आणि मासे पकडायच्या एका गळावरून तिला नाव दिलं, असं ती कहाणी म्हणते. जाहिरातीची कहाणी जेवढ्यास तेवढीच घ्यावी. पण फिप्सनच्या पेढीचं नाव त्या बाटलीशी जोडलेलं आहे, हे खरं.

साहेबासाठी स्कॉच अशी निवडली जात होती, तेव्हा आपल्या डोंगरात काय चाललं होतं?

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात. पहाटे बायका-पोरं ती वेचतात, वाळवतात. फुलात साखर भरपूर. काही खायला, काही विकायला, काही गाळायला. भिल्ल-पावरा समाजात देवाला आणि पूर्वजांना मोहाची धार दिल्याशिवाय लग्न, सण, मयत काही पुरं होत नाही. याहा मोगी मातेच्या देवमोगऱ्याच्या जत्रेतही ती वाहतात. अर्थात माणूस पितही होता, आणि जास्तही पीत होता. ते आम्ही लपवत नाही. पण आपलं फूल, आपलं मडकं, आपली चूल, असा तो व्यवहार होता. त्यात दुकानदार नव्हता.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. धोरण साधं होतं. घरोघरी गाळणं बंद करायचं, गाळण्याचं काम थोड्या मोठ्या भट्ट्यांत आणायचं, म्हणजे थेंबाथेंबावर कर घेता येतो. ठाणे-कुलाब्यात लोक तरीही गाळत राहिले. मग १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा केला. आता मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. आपल्या झाडाखाली पडलेलं फूल घरात ठेवणं हा गुन्हा ठरू लागला.

आणि याच काळात उरणला काय होतं? उरणजवळ पारशी व्यापाऱ्यांच्या मोठाल्या भट्ट्या होत्या. त्यांत दारू गाळली जायची ती मोहाचीच. फुलं पंचमहालातून, जबलपूरकडून रेल्वेने यायची आणि दारू मुंबईला जायची. फूल तेच, साखर तीच, गाळायची रीतही तीच. उरणला गाळलं तर महसूल, झोपडीत गाळलं तर गुन्हा. आज "मोहाची" हा शब्द ऐकून आपण नाक मुरडतो. तो वास फुलाचा नाही, त्या कायद्याचा आहे.

दारू सोडायची हाक आदिवासींमधूनही आली, हे मुद्दाम सांगतो. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरात आणि डांगाकडे देवीची चळवळ पसरली. देवी अंगात येऊन सांगायची, दारू सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्या सावकाराकडे कामाला जाऊ नका. १९३० च्या दशकात आपल्या तळोदे भागात रंजनपूरच्या गुलाम महाराजांनी "आप"चा पंथ चालवला. एकमेकांना "आप" म्हणायचं, मानाने बोलायचं, दारू सोडायची. हजारो लोक आरतीला जमायचे. यात दारूचा तिरस्कार होताच, पण त्याहून मोठा मुद्दा होता तो जमीन आणि मजुरी पिऊन जाण्याचा. दारू आता विकत घ्यावी लागत होती. उधारीवर मिळत होती. उधारीच्या वहीत शेत जात होतं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि सरसकट बंदी झाली. पण सरसकट म्हणजे किती सरसकट? आरोग्याच्या कारणासाठी परवाने होते. डॉक्टरची चिठ्ठी मिळवू शकणाऱ्याला वाट होती. अमेरिकेतही १९२० ते १९३३ दारूबंदी होती, आणि तिथेही डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळत होती. दोन्हीकडे अनुभव एकच, बंदी सगळ्यांना आणि सवलत ओळखीच्यांना. १९६० मध्ये राज्य वेगळं झालं. गुजरातने बंदी ठेवली, महाराष्ट्राने हळूहळू सैल केली. तोच कायदा आजही आपल्याकडे नाव बदलून चालू आहे, म्हणून तर दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागतं.

बंदी सैल झाली तेव्हा कोणती दारू मोकळी झाली, हा प्रश्न मात्र आपण कधी विचारत नाही. १९७३ मध्ये महाराष्ट्रात देशी मद्याचे नियम आले. ही देशी दारू मोहाची नव्हती, ती मळीच्या स्पिरिटची होती. हिशेब समजून घ्या. एक टन उसातून साखर काढली की साधारण चाळीसेक किलो मळी उरते. एक टन मळीतून सव्वादोनशे ते पावणेतीनशे लिटर अल्कोहोल निघू शकतं. सहकारी कारखाने गावोगाव उभे राहत होते, मळीचा प्रश्न होता, राज्याला महसूल हवा होता. मळीला कायदेशीर वाट मिळाली. मोहाचं मडकं होतं तिथेच राहिलं, पोलिसाच्या काठीखाली. मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध राज्य सरकारने सैल केले ते थेट २०२१ मध्ये.

इथे बसलेल्या ऊस उत्पादकांनी गैरसमज करून घेऊ नये. उसाने आणि कारखान्याने या तालुक्याला रस्ते, शाळा, बाजार दिले. आम्ही मळीला दोष देत नाही. दोन कच्च्या मालांना दोन न्याय मिळाले, एवढंच नोंदवतो.

मळी इथे थांबत नाही, ती "इंग्लिश"मध्येही जाते. आपल्या देशात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचा मोठा भाग मळीच्या किंवा धान्याच्या शुद्ध स्पिरिटवर उभा असतो, त्यात थोडं माल्ट मिसळलेलं. युरोपात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, तिथे व्हिस्की धान्याचीच हवी. कोणी प्यावी, कोणी पिऊ नये, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण भाच्यासाठी "स्कॉच" आणायला गेलेल्या मामाने फसू नये. लेबलवर "स्कॉच माल्ट मिसळलेली व्हिस्की" असं लिहिलं असेल तर ती भारतीय व्हिस्की. सरळ "ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की" असं लिहिलं असेल तरच ती स्कॉच. ती भारतात बाटलीबंद केलेली असली तरी स्कॉचच. तिकडून पिंपा-टाक्यांतून आणून इथे बाटलीत भरलेली असते, म्हणून स्वस्त पडते. अशा बाटलीवर अल्कोहोल बहुधा ४२.८ टक्के दिसेल. हा आकडा जुन्या ब्रिटिश "७५ डिग्री प्रूफ" मापाचा उरलेला अवशेष आहे.

आता मडकी फोडणाऱ्या बायकांकडे येऊ. त्यांना वगळून या तालुक्यात दारूवर बोलणं बरोबर नाही.

१९७१-७२ मध्ये शहाद्यात भूमिहीन आदिवासींची चळवळ उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तिचे नेते. गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, मजुरी नीट मिळावी, सालदाराला माणूस म्हणून वागवावं, या मागण्या. दुष्काळाचे दिवस होते. श्रमिक संघटना उभी राहिली. बायका मोर्चात होत्या, गाणी म्हणत होत्या, घोषणा देत होत्या. मग बायकांचं शिबिर झालं, आणि तिथे त्यांनी स्वतःचा प्रश्न मांडला. नवरा पितो आणि मारतो. मजुरी वाढवून घेतली ती गुत्त्यात जाते. तिथून उठून त्या गावोगाव गेल्या आणि दारूची मडकी फोडली. मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारला.

हा प्रसंग सांगताना लोक म्हणतात, आदिवासी बायकांनी मोहाला नाकारलं. आम्हाला ते तितकं सरळ वाटत नाही. देवाला धार देणाऱ्या घरांतल्याच त्या बायका होत्या. त्यांनी हात घातला तो पिण्यामागच्या व्यवहाराला, म्हणजे विक्री, उधारी आणि मारहाण यांना. पुढे २००८ मध्ये राज्याने महिलांच्या मतदानाने दारूचं दुकान बंद करायचा नियम केला, "उभी बाटली, आडवी बाटली". आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. मडकं फोडायला मतदान लागलं नव्हतं. परवान्याच्या दुकानाला मात्र मतपत्रिका लागली, कारण त्याच्या पाठीशी सरकार होतं.

म्हणून त्या गृहस्थांनी प्रश्न हळू विचारला. या भागात दारूचं नाव मोठ्याने घेतलं की कोणाच्या तरी आईची, आजीची आठवण निघते. ती लाज खोटी नाही आणि ती असू द्यावी. फक्त ती सगळी मोहाच्या मडक्याच्या माथी मारू नये आणि स्कॉचच्या बाटलीला मोकळं सोडू नये.

आता राहिलं परवडणं. स्कॉच महाग असते ती मुख्यतः करामुळे. केंद्राचं आयात शुल्क वर्षानुवर्षं दीडशे टक्के होतं. वर राज्याचं उत्पादन शुल्क. ते महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात मद्यावर ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचं शुल्क दीडशेवरून शंभर टक्के केलं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, त्यात स्कॉचवरचं शुल्क दीडशेवरून पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं. आणि जून २०२५ मध्ये राज्याने इथे बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवायचं ठरवलं, धान्यापासून बनणाऱ्या "महाराष्ट्र मेड" मद्याचा नवा वर्गही काढला. म्हणजे मामाच्या खिशाला काय झेपेल हे दिल्ली, लंडन आणि वॉशिंग्टनच्या बोलण्यांत ठरतं. मोहफूल वेचणाऱ्या बाईच्या वतीने तिथे कोण बसतं, ते तुम्ही सांगा.

तर मामा, तुमचं उत्तर.

एक, धूर टाळा. काही स्कॉचमध्ये सातू वाळवताना पीट जाळतात, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, आणि तो धूर चवीत उतरतो. बर्बन पिणाऱ्याला पहिल्या घोटाला तो औषधी वाटतो. टीचर्स चांगली आहे, पण तिच्यात आर्डमोरचं धुरकट माल्ट असतं. जिम बीम बर्बन आणि टीचर्स आज एकाच मालकाच्या आहेत, म्हणून चव जवळची असेल असं मानू नका. जॉनी वॉकर रेड लेबलमध्येही तिखटपणा आणि थोडा धूर आहे.

दोन, मऊ आणि गोडसर निवडा. बॅलेंटाइन्स फायनेस्ट किंवा ड्यूअर्स व्हाइट लेबल मिळाली तर त्यात मधाची, व्हॅनिलाची बाजू आहे. भारतात बाटलीबंद होणाऱ्यांत ब्लॅक अँड व्हाइट हलकी आहे, आणि मुंबईच्या इतिहासासाठी ब्लॅक डॉग आहेच. बारा वर्षांचा आकडा असला तर तो मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय सांगतो. आकडा नसला म्हणून माल वाईट नव्हे.

तीन, देण्याची रीत. साधा काचेचा ग्लास, तीस मिलिलिटर. आधी नुसता वास घेऊ द्या, मग थोडं साधं पाणी. बर्बन नव्या पिंपामुळे जोरकस असते आणि बर्फातही टिकते. हलकी ब्लेंडेड स्कॉच जास्त बर्फात पातळ लागते, म्हणून आपल्या उन्हाळ्यातही एकच मोठा खडा पुरे. कोल्ड्रिंक घालायचंच असेल तर एवढी शोधाशोध कशाला केली? सोबत नंदुरबारच्या लाल मिरचीचं काही ठेवू नका, जीभ पेटली की सगळ्या बाटल्या सारख्याच लागतात. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे बरे. शेवभाजी नंतर जेवताना.

चार, "ही बर्बनसारखीच आहे" असं सांगून देऊ नका. तो तुलना करत बसेल आणि स्कॉच हरेल. त्याला पिंपाची गोष्ट सांगा. तुझ्याकडचं जुनं पिंप हिच्या वाट्याला आलंय म्हणावं. मग तो आपणच ओळखीची चव शोधायला लागेल.

आणि पाच, हे आम्ही व्याख्यानात पहिल्यांदाच सांगतोय. बाटली आणायच्या आधी घरातल्या बायकांना विचारा. त्या नको म्हणाल्या तर भाच्याला लिंबू सरबत द्या आणि सातपुड्यात फिरवून आणा. हो म्हणाल्या, तर त्यांच्या समोर, दिवाणखान्यात बसून, परवाना घेऊन, मोजून प्या. लपून पिण्याची सवय या राज्याला दारूबंदीने लावली. घरात तरी ती चालवायचं कारण नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आणि या वेळी मोठ्याने विचारा.